पानांतला मासा

सायंकाळचे सात वाजलेले असतात. कोल्हापुरांतील मंगळवार पेठेंत खासबागेच्या मैदानाकडून मिरजकर तिकटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची एकच गर्दी उसळलेली असते. कचेरी सुटून घरीं परतलेली गृहिणी हातपाय धुऊन स्वयंपाकघरांत शिरते. बाजारांतून साफ करून आणलेल्या माशाला ती मीठ, हळद आणि आलें-लसणाचें वाटण चोळते, ॲल्युमिनिअमच्या चंदेरी कागदांत त्याची घट्ट पुडी बांधते, ती पुडी विजेच्या भट्टींत ठेवते आणि मुलांचा अभ्यास पाहावयास मोकळी होते. वीस-पंचवीस मिनिटांनीं पुडी उघडली कीं वाफेचा एक लोट वर येतो आणि जेवण तयार होतें. कढई घासावयाची नाहीं, तेल उडावयाचें नाहीं, घरभर वासहि दरवळावयाचा नाहीं.

अशा घरांत कोंकणांत माहेर असलेली एखादी वृद्ध सासूबाई असली, तर ती त्या पुडीकडे क्षणभर पाहते आणि विचारते, “अगं, ह्याचं पान कुठं गेलं?” सुनेला हा प्रश्न थट्टेचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. ही पुडी नवी दिसते; परंतु तिच्या आंतली विद्या मानवाच्या अत्यंत जुन्या पाकविद्यांपैकीं एक आहे. बदललें आहे तें केवळ वेष्टन. वेष्टन बदलल्यानें काय साधलें आणि काय हातचें गेलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम ह्या विद्येचें मर्म काय तें पाहूं. बोकडाच्या मांसांत स्नायूंना बांधून ठेवणारे तंतु बळकट असतात. ते मऊ व्हावयास दीर्घकाळ मंद आंच लागते. कोल्हापुरांत मटण तासन्‌तास रटरटत ठेवतात तें उगीच नव्हे. माशाचें तसें नाहीं. पाण्यांत तरंगणाऱ्या प्राण्याला स्वतःचा भार पेलावा लागत नाहीं; म्हणून त्याच्या मांसांतील बंधनें विरळ व नाजूक असतात आणि थोड्याशा उष्णतेनें तीं विरघळतात. मासा शिजावयास वेळ लागत नाहीं, बिघडावयासहि लागत नाहीं. उघड्या विस्तवावर त्याचें पाणी भराभर उडून जातें आणि मांस कोरडें होऊन तुटूं लागतें. त्याला कशांत तरी गुंडाळलें, तर त्याच्याच अंगचें पाणी वाफ होऊन आंत कोंडतें. पाणी आहे तोंवर आंतली उष्णता शंभर अंशांच्या आसपासच राहते. बाहेर निखारा फुललेला असला तरी आंत मासा जणूं स्वतःच्याच वाफेंत स्नान करीत असतो. रस बाहेर जात नाहीं, राख आंत येत नाहीं. एवढें हें साधें तत्त्व. तें ज्याला प्रथम सुचलें त्याच्याजवळ भांडें नव्हतें. विस्तव होता, आणि हाताशीं झाड होतें.

ह्या विद्येचा एक अतिशय जुना लेखी दाखला ग्रीक भाषेंत सांपडतो. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत सिसिली बेटावर आर्केस्ट्राटस नांवाचा एक कवि होऊन गेला. कोणत्या बंदरावर कोणता मासा उत्तम मिळतो आणि तो कसा रांधावा, ह्यावर त्यानें काव्य रचलें. त्याचे कांहीं तुकडेच आज उरले आहेत. त्यांपैकीं एकांत तो सांगतो कीं, शरद्‌ऋतूंत मिळणारा एक विशिष्ट मासा अंजिराच्या पानांत थोड्या सुगंधी पाल्याबरोबर गुंडाळावा, लव्हाळ्यानें बांधावा आणि ऊन राखेंत पुरावा. मात्र तो करपूं देऊं नये, ह्याकडे लक्ष ठेवावें. चीज वगैरे घालून त्याची चव बिघडवूं नये, असाहि त्याचा इशारा आहे. चांगल्या माशाला मसाल्याचें ओझें नको, हें मत तेवीस शतकांपूर्वींचें आहे. अंजिराच्या जागीं केळीचें किंवा हळदीचें पान घातलें, तर ही कृति कोंकणांतल्या कोणत्याहि परसांत खपून जाईल.

आपल्या दक्षिणापथांतहि मत्स्यविद्या मागें नव्हती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा ह्यानें इ. स. 1129 ते 1131 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हें त्याचें दुसरें नांव. शंभर अध्यायांच्या ह्या कोशांत राज्यव्यवहारापासून चित्रकलेपर्यंत सर्व कांहीं आहे. त्यांत अन्नभोग नांवाचा अध्याय पाककृतींचा आहे, तर मत्स्यविनोद हा गळ टाकून मासे धरण्याच्या खेळाचा. ह्या दुसऱ्या अध्यायांत सुमारें 35 जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, गळाची दोरी कशी वळावी, कोणत्या माशाला कोणतें आमिष घालावें, ह्याचा तपशील आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला ह्या ग्रंथाचा पहिला भाग 1925 सालीं आणि दुसरा 1939 सालीं प्रसिद्ध झाला. पुढें 1951 सालीं मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं मत्स्यविनोदाचा शास्त्रीय परामर्श घेतला.

कोल्हापूरकरांना हा राजा अगदींच परका नव्हे. त्या काळीं करवीर प्रांतावर शिलाहार घराण्याचा गंडरादित्य राज्य करीत होता, आणि शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते. चालुक्य सम्राट विक्रमादित्य सहावा, म्हणजे सोमेश्वराचा पिता, ह्याची चंद्रलेखा ही एक राणी ह्याच शिलाहार कुळांतली. कवि बिल्हणानें तिच्या स्वयंवराचें वर्णन केलें आहे. करवीरच्या माहेरवाशिणीचे पाय कल्याणीच्या राजगृहाला लागले होते, तेव्हां पंचगंगाकांठची एखादी रुचि तिकडे गेलीच नसेल, असें कोण म्हणेल? मात्र त्या काळच्या पाकशाळेंत एक वस्तु नव्हती. ती म्हणजे मिरची. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत ह्या देशांत आली. हळद, चिंच, हिंग, आलें, मिरीं ह्यांवरच सोमेश्वराच्या आचाऱ्यांचा भर. आज ज्या तांबड्या रश्श्यावरून कोल्हापूर ओळखलें जातें, त्याचा रंग गंडरादित्यानें कधीं पाहिला नाहीं.

परंतु मानसोल्लास हा राजाचा ग्रंथ. पानांत मासा भाजण्याची विद्या ज्यांची, त्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत. रानांत, खाडीच्या कांठीं, ओढ्याच्या वाळूंत ती हातानें हातास शिकविली गेली. सह्याद्रीच्या दोहों अंगांच्या वनवासी लोकांत, ओढ्यांत धरलेले मासे मीठ-मिरची लावून रुंद पानांत गुंडाळावयाचे आणि फुफाट्यांत, म्हणजे ऊन राखेंत, पुरावयाचे, ही रीत जुनीच आहे. बाहेरचें पान काळें पडलें कीं मासा झाला. येथें घड्याळ लागत नाहीं. पानच वेळ सांगतें. रायगड जिल्ह्यांत हिंवाळ्यांत होणारी पोपटी ह्याच कुळांतली. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भरतात, तोंड पाल्यानेंच बंद करतात आणि मडकें उपडें ठेवून भोंवतीं आग पेटवितात. पाण्याचा एक थेंबहि न घालतां शेंगा वाफेंत शिजतात, आणि पाल्याचा सुगंध त्यांत उतरतो.

शहरांत आल्यावर ही विद्या अधिक नटली. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरीं कोळंबीचें भानोलें होतें. त्याच्या पातेल्याखालीं विस्तव असे, आणि झांकणावरहि निखारे ठेवीत. भट्टी नसतांना भट्टीचें काम करून घेण्याची ही युक्ति. ह्याच ज्ञातींतील लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांनीं 1910 सालीं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि जी विद्या सासूकडून सुनेकडे तोंडीं जात असे ती छापील पानावर आणली. पारशी लोकांच्या लग्नांत ‘पात्रानी मच्छी’ हा मानाचा पदार्थ. पापलेटाला ओलें खोबरें, कोथिंबीर व हिरवी मिरची ह्यांची चटणी लावून तें केळीच्या पानांत बांधतात आणि वाफवितात. बंगाल्यांत हीच ‘पातुरी’ होते. तेथें चटणीच्या जागीं मोहरीचें वाटण. केरळांत करिमीन मासा मसाल्यासह केळीच्या पानांत गुंडाळून तव्यावर भाजतात. फ्रेंच आचाऱ्यांनीं पानाऐवजीं कागद घेतला. देश बदलला, झाड बदललें, तत्त्व तेंच राहिलें.

मग कोल्हापुरांत हा पदार्थ उशिरां कां आला? कारण उघड आहे. हें नगर समुद्रापासून फार दूर नाहीं, परंतु मध्यें सह्याद्रि उभा आहे. बर्फ आणि मोटार येण्यापूर्वीं ताजा सागरी मासा घांट चढून येईपर्यंत नासून जात असे. आंबा घाटानें किंवा फोंड्याच्या घाटानें येई तो सुका बोंबील, सुकट आणि खारा बांगडा. 1891 सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली. पण ती देशावरून आली, कोंकणांतून नव्हे. म्हणून घाटमाथ्यावरील घरांत समुद्राची ओळख प्रथम झाली ती निखाऱ्यावर भाजलेल्या बोंबलाच्या वासानें. ताजा मासा हवा, तर तो नदीनें द्यावयाचा.

आणि नदी देतहि होती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती ह्यांच्या संगमानें पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेस मिळते. वाम, मरळ, शिंगटा ह्या नांवांवर जुन्या पिढीची रसना आजहि ओली होते. ह्या खोऱ्यांतील माशांनीं मराठी भाषेचे शब्द जगाच्या शास्त्रांत नेले, ही गोष्ट फारशी ठाऊक नाहीं. मुंबई सैन्यांतील कर्नल साइक्स ह्यांनीं दख्खनच्या माशांचीं वर्णनें 1839 सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हां कोळ्यांच्या तोंडचीं नांवें त्यांनीं तशींच घेतलीं. म्हणून आपल्या महसीराचें शास्त्रीय नांव आजहि ‘टॉर खुद्री’ असें आहे, आणि दुसऱ्या एका माशाच्या नांवांत ‘कोलस’ हा शब्द राहिला आहे.

त्याहून मोठा मान खुद्द पंचगंगेला मिळाला. 1952 सालीं मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुळकर्णी ह्यांनीं कोल्हापूरच्या पंचगंगेंतून मिळालेल्या एका लहान माशाचें वर्णन करून तो विज्ञानाला नवा असल्याचें दाखविलें. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. म्हणून कोळी त्याला खवलचोर म्हणत. कुळकर्णी ह्यांनीं तेंच नांव कायम केलें, आणि ‘निओट्रोपिअस खवलचोर’ ह्या रूपानें एक अस्सल मराठी शब्द जगांतल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसला. योगायोग असा कीं, त्याच 1952 सालीं आफ्रिकेंतला तिलापिया मासा भारतांत प्रथम आणला गेला. तोच आतां चिलापी ह्या नांवानें कोल्हापूरच्या बाजारांत विकला जातो. एका वर्षीं पंचगंगेच्या एका लेकराला शास्त्रानें नांव दिलें, आणि त्याच वर्षीं एक पाहुणा देशाच्या उंबऱ्याशीं आला. पाहुणा पुढें घरचा झाला. घरचीं लेकरें मात्र दुर्मिळ होत चाललीं.

आतां वेष्टनाकडे वळूं. ॲल्युमिनिअम हा धातु पृथ्वीच्या कवचांत विपुल आहे. परंतु तो मातींत इतका घट्ट गुंतलेला असतो कीं, 1825 सालीं डेन्मार्कच्या ओर्स्टेडनें तो प्रथम वेगळा करीपर्यंत कोणी त्याचें तोंड पाहिलें नव्हतें. पुढेंहि दीर्घकाळ तो मौल्यवान धातूंत गणला जाई. 1884 सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर ॲल्युमिनिअमचा कळस बसविला, तो वीज पडल्यास ती वाहून नेणाऱ्या वाहकाचें टोंक म्हणून. 1886 सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें एरू ह्या दोन तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साहाय्यानें हा धातु स्वस्तांत काढण्याची एकच रीत शोधली. दोघेहि 1863 सालीं जन्मले आणि 1914 सालीं वारले. त्यांच्या शोधानें राजाचा धातु रंकाच्या घरीं आला. महाराष्ट्रांत त्याच्या भांड्यांना लोक ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणूं लागले.

त्याचा कागदासारखा पातळ पत्रा 1910 सालीं स्वित्झर्लंडमध्यें क्रॉइत्सलिंगेन येथील कारखान्यांत लाटला जाऊं लागला, आणि लौकरच चॉकोलेटाभोंवतीं गुंडाळला गेला. त्यापूर्वीं हें काम कथिलाचा वर्ख करीत असे. गृहिणीसाठीं त्याच्या गुंडाळ्या अमेरिकेंत 1947 सालीं मोठ्या प्रमाणावर विक्रीस आल्या. घरांत वापरला जाणारा हा पत्रा मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागाइतका पातळ असतो. तरी त्यांतून वाफ निसटत नाहीं, आणि 660 अंशांपर्यंत तो वितळत नाहीं. घरगुती भट्टी दोनशें-अडीचशें अंशांची, तेव्हां भय नाहीं.

ह्या चंदेरी कागदाचें कोल्हापुराशीं एक नातें आहे. ॲल्युमिनिअम ज्या मातींतून निघतो ती बॉक्साइट नांवाची तांबूस माती राधानगरी तालुक्यांतील दुर्गमानवाडच्या पठारावर व चंदगडच्या बाजूस सांपडते. बेळगांव येथें विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाअखेर जो ॲल्युमिनिअमचा कारखाना उभा राहिला, त्याला ही माती पुरविली गेली. ज्या सह्याद्रीच्या माथ्यावरून भोगावतीचें पाणी येतें, त्याच माथ्यावर वेष्टनाचा कच्चा माल आहे. मासा नदीचा, वेष्टन डोंगराचें, आणि दोहोंचें उगमस्थान एकच. म्हणून एकाची किंमत मोजतांना दुसऱ्याची विसरतां येत नाहीं.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां नव्या वेष्टनाचा एक दोष ध्यानांत ठेवावयास हवा. ॲल्युमिनिअमच्या अंगावर हवेच्या संयोगानें एक अतिसूक्ष्म कवच चढतें आणि तेंच धातूचें रक्षण करतें. आंबट आणि खारट पदार्थ तापले असतां हें कवच झिजवितात व धातूचा अंश अन्नांत उतरतो. आपला मासा तर कोकम, चिंच, लिंबू ह्यांवांचून पुरा होत नाहीं! म्हणून सासूबाईंचा प्रश्न येथें उपयोगी पडतो. केळीचें पान आंचेवर क्षणभर फिरवून मऊ करावें. माशाला मीठ, हळद, वाटण व आमसुलाचें पाणी लावून तो पानांत गुंडाळावा. आणि बाहेरून चंदेरी कागद बांधावा. भट्टी आधीं तापवून दोनशें अंशांवर आणावी. जाड तुकड्यांना पंधरा ते वीस मिनिटें, अखंड पापलेटाला वीस ते पंचवीस. काट्याजवळचें मांस पांढरें व अपारदर्शक होऊन सहज सुटलें कीं झालें. पुडी उघडतांना तोंड दूर ठेवावें, कारण कोंडलेली वाफ हात भाजते. पानानें सुगंध दिला, कागदानें वाफ राखली. जुनें आणि नवें ह्यांचें भांडण एका पुडींत मिटलें.

गृहिणीचा वेळ वांचला, ही सामान्य गोष्ट नव्हे. पाट्यावर वाटणाऱ्या आणि धुराच्या चुलीपुढें डोळे पुसणाऱ्या स्त्रियांच्या कष्टांवर जुन्या चवी उभ्या होत्या, हें त्या चवींचें गुणगान करणाऱ्यांनीं विसरूं नये. चुलीबद्दल हळहळ ज्यांनीं करावयाची, त्यांनीं ती कधीं फुंकलेली नसते. तेव्हां सुनेनें चंदेरी कागद घेतला, ह्यांत तिचें कांहीं चुकलें नाहीं.

हानि झाली आहे ती निराळीच आहे. पानाची राख मातींत मिळत असे. चंदेरी कागद कचऱ्यांत वर्षानुवर्षें तसाच पडून राहतो. तो पुन्हां वितळविला तर नव्यानें धातु काढण्याच्या सुमारें विसाव्या हिश्श्याइतक्या शक्तींत त्याचा पुन्हां धातु होतो. पण माशाच्या रसानें माखलेला कागद धुऊन वेगळा ठेवणारीं घरें किती? आणि त्याहून मोठी हानि पुडीच्या आंत आहे. नगराचें सांडपाणी आणि कारखान्यांचें दूषित पाणी पंचगंगेंत जातें, आणि गेल्या कांहीं दशकांत नदींत मेलेल्या माशांचा खच तरंगल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. ज्या नदीनें जगाला खवलचोर दिला, तिच्या कांठावरच्या नगरांत पुडींत बांधावयाचा मासा आतां बर्फांत घालून समुद्रावरून आणावा लागतो, किंवा तळ्यांत पोसलेला घ्यावा लागतो.

मंगळवार पेठेच्या नांवांतच मंगळवार आहे, आणि त्या दिवशीं तेथील अनेक घरांत देवीच्या किंवा गणपतीच्या नांवानें मासा शिजत नाहीं. पूर्वजांनीं आठवड्यांतले कांहीं दिवस जिभेला आवर घातला, त्यांत श्रद्धा होतीच. पण नदीलाहि तेवढीच उसंत मिळत असे. हा आवर आजहि घरोघर पाळला जातो. नदीच्या बाबतींत मात्र तो सुटला आहे. पान गेलें तरी चालेल. केळ पुन्हां लावतां येते. कागद आला तरी चालेल; तो जपून वापरतां येतो. परंतु ज्या माशासाठीं पान शोधलें आणि कागद लाटला, तो गेला तर पुडी बांधावयाची कशाभोंवतीं, ह्याचें उत्तर कोणत्याहि पाकशास्त्रांत मिळणार नाहीं. तें नदीकांठच्या नगरालाच द्यावें लागेल.